गाडीवरचा डाग चोळण्याआधी: चुना, डांबर, चीक आणि कुंकू

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडद निळी सेडान, चार वर्षांची, रंग कंपनीचाच. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वरचा स्लॅब पावसाळाभर ठिबकत राहिला आणि बॉनेटवर, टपावर पांढरे ओघळ सुकून बसले. शाम्पूनं निघेनात म्हणून भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणि पावडर घेऊन घासले. डाग तिथंच राहिले, वर त्यांच्याभोवती तळहाताएवढा धुरकट पट्टा उमटला. दारांच्या खालच्या अंगाला डांबराचे काळे ठिपके आहेत, ते वेगळेच. गॅरेजवाला म्हणतो, अख्खं बॉनेट रंगवून टाका. रंगवावं का?

नका रंगवू. निदान आत्ताच नको. मी ठाण्यात गाड्यांच्या रंगाचं काम करतो. आधी सहा वर्षं एका बॉडी शॉपमध्ये पेंटरच्या हाताखाली होतो, त्यानंतरची बारा वर्षं स्वतःचं डिटेलिंगचं, म्हणजे गाडी न रंगवता तिचा आहे तो रंग साफ करून चमकवायचं, दुकान आहे. गाडी रंगवून मला दोन पैसे मिळत होते तेव्हाही मी हेच सांगत असे. कारखान्यात गाडी रंगते तेव्हा ती नुसती पत्र्याची असते. आत सीट नाही, वायर नाही, प्लॅस्टिक नाही. त्यामुळे रंगाचा शेवटचा थर १३०-१४० अंशांच्या भट्टीत भाजून घेता येतो. गॅरेजमध्ये गाडी सगळ्या सामानासकट उभी असते, तिथल्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. रंगारी कितीही हुशार असो, भट्टीतल्या भाजणीची सर त्याला येत नाही. शिवाय निळ्या मेटॅलिकची छटा शेजारच्या मडगार्डशी जुळवणं हे दहातल्या चार वेळा नशिबाचं काम. तेव्हा कंपनीचा रंग जितका वाचवता येईल तितका वाचवायचा.

वाचवायचा म्हणजे किती, ते आधी बघा. पत्र्यावर खालून वर चार थर असतात: गंज रोखणारा अस्तर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद बोटांत धरा, जवळपास तेवढी जाडी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या निम्म्याच्या आसपास. चमक, उन्हापासून संरक्षण, पाणी निथळून जाणं, सगळं या अर्ध्या कागदावर चालतं. तुम्ही स्क्रबरनं जे घासलंत ते निळ्या रंगाला नाही, या अर्ध्या कागदाला घासलंत. आणि तो पुन्हा भरून येत नाही. एकदा गेला तो गेला.

म्हणून माझ्या दुकानात नव्या पोराला पहिला महिना पॉलिशचं मशीन हातात देत नाही. डाग बघून तो कशाचा आहे आणि कुठे बसलाय एवढं सांगायचं, बस्स. डाग तीन ठिकाणी असू शकतो. रंगाच्या वर बसलेला, क्लिअर कोटात मुरलेला, किंवा डाग नव्हेच, तिथला क्लिअर कोटच खाल्ला गेलेला. पहिला विरघळवून निघतो, दुसरा वेळ घेतो, तिसऱ्याला पॉलिश लागतं आणि ते किती मारायचं याला मर्यादा आहे. बहुतेक लोक तिन्हींना एकच औषध देतात: जोर.

ओळखायचं कसं? गाडी धुवून ओली असतानाच बोटाच्या टोकानं डागावरून हलकेच जा. उंचवटा लागला तर काहीतरी वर बसलंय. बोट सरळ गेलं आणि तरी डाग दिसतोय, तर मुरलाय. नख किंचित खाली अडकलं तर तिथं खड्डा आहे. बारीक कण बोटाला कळत नाहीत, त्यासाठी हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून फिरवतात. बोटाला गुळगुळीत वाटणारं बॉनेट पिशवीतून रव्यासारखं लागतं. (महाराष्ट्रात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे आता मी कोऱ्या शर्टाचं वेष्टन वापरतो. काम तेच होतं.)

आता तुमचे पांढरे ओघळ. स्लॅब गळतो तेव्हा नुसतं पाणी गळत नाही. सिमेंट घट्ट होताना त्यात मोकळा चुना तयार होतो, आपण पानाला लावतो तोच. भेगेतून झिरपणारं पाणी तो चुना विरघळवून सोबत घेऊन खाली येतं. पानात चुना जास्त झाला की जीभ पोळते ना, तसा तो थेंब गाडीवर पडतो तेव्हा दाहक असतो. मग सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा दगड होतो. तुमच्या पार्किंगमध्ये वर बघा, गळतीच्या जागी छताला पांढऱ्या सुया लोंबत असतील. तोच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपले, संगमरवर सगळे त्याचेच. म्हणजे तुम्ही स्क्रबरनं गाडीवरचा दगड घासत होता. त्यातले कण सुटले, ते स्क्रबरखाली सापडले आणि त्यांनीच भोवतीचा क्लिअर कोट खरवडला. धुरकट पट्ट्यात स्क्रबरइतकाच त्या कणांचाही वाटा आहे.

दगड साबणाला जुमानत नाही, आंबटाला मात्र वितळतो. ओट्याला संगमरवर किंवा शहाबादी फरशी असेल त्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. लिंबाची फोड रात्रभर ओट्यावर राहिली की सकाळी तिथं निस्तेज चकती दिसते. ओट्यावर जे नुकसान, तेच गाडीवर आपल्याला हवं आहे.

किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर घ्या. त्यात ॲसिटिक ॲसिड साधारण ४ टक्के असतं. तेवढंच पाणी मिसळा. गाडी सावलीत, बॉनेट गार. तळहाताची मागची बाजू टेकवून बघा, कोमट लागलं तरी थांबा, कारण गरम पत्र्यावर व्हिनेगर काम करायच्या आत सुकतं. आधी पाइपनं भरपूर पाणी मारून धूळ घालवा. मग कागदी टिश्यू डागाच्या मापाचा फाडा. इथं कंटाळा करू नका, ओघळ लांब-अरुंद असेल तर टिश्यूही तसाच फाडा. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून डागावर चिकटवा, वर बोटानं दाबून खालची हवा काढा. जवळ डोळा नेलात तर कडेला बारीक बुडबुडे येताना दिसतील. चुना विरघळतो आहे, कार्बन डायऑक्साइड परत हवेत चाललाय. तीन मिनिटं. त्याहून जास्त नाही, आणि टिश्यू सुकू द्यायचा नाही. उचला, घासू नका, पाणी मारा. बोट फिरवा. उंचवटा कमी झालेला कळेल, पण गेलेला नसेल. पुन्हा टिश्यू, पुन्हा तीन मिनिटं. पावसाळाभर साचलेल्या ओघळाला चार-पाच वेळा लागतात, जाड थेंबाला सात-आठही. एका रविवारची सकाळ गेली असं समजा. शेवटी संपूर्ण बॉनेट गाडीच्या शाम्पूनं धुवून आंबटपणा घालवा. क्रोमच्या पट्ट्यांवर आणि उघड्या ॲल्युमिनियमवर व्हिनेगर ओघळू देऊ नका, ओघळलं तर लगेच पाणी.

मधेच मोह होतो की अर्धवट सुटलेला थर नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं उचकटावा. नको. अर्धा सुटलेला दगड ओरखडा काढण्यात सगळ्यात पटाईत असतो. आणि व्हिनेगर हळू वाटतं म्हणून कुणी संडास साफ करायचं ॲसिड सुचवेल. ते हायड्रोक्लोरिक असतं. चुना त्यानं क्षणात जातो, पण त्याची वाफ बॉनेटच्या फटीतून आत जाऊन नटबोल्टांना गंज चढवते आणि क्रोम कायमचं काळवंडतं. डाग काढायला आलेली आणि गंज घेऊन गेलेली गाडी मी पाहिली आहे. ते काम मी केलेलं नव्हतं, पण पुढचं निस्तरायला माझ्याकडेच आली.

चुना पूर्ण गेल्यावर बऱ्याच ठिकाणी ओघळाची कड पुसट दिसत राहील. ओली गाडी बघितली तर गायब, सुकली की हजर. तो चुना नव्हे. थेंब ताजा असताना त्यातल्या दाहक चुन्यानं क्लिअर कोट जितका चावला तेवढी ती खूण आहे. इथं आणखी व्हिनेगर ओतून उपयोग नाही. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि ते डाग जात नाही म्हणून ॲसिड वाढवत बसतात.

बोअरवेलच्या पाण्याचे गोल डाग याच घराण्यातले, फक्त सौम्य. सोसायटीचा माणूस सकाळी गाडी धुतो, पुसत नाही, ऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर्तुळ करून मागे राहतात. उपाय तोच, टिश्यूचे एक-दोन फेरेच पुरतात. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर वरून चढवलेला संरक्षक थर, करून घेतलंय म्हणून निर्धास्त असलेले लोक या डागांनी फार चिडतात. कोटिंगवर पाणी मण्यांसारखं उभं राहतं, ते दिसतं छान, पण प्रत्येक मणी सुकला की क्षाराचं एकेक वर्तुळ मागे ठेवतो. कोटिंग असो-नसो, पाणी पुसणं टळत नाही.

आता धुरकट पट्टा. तो म्हणजे एकमेकांना छेदणारे हजारो बारीक ओरखडे, प्रकाश त्यांच्यावर विस्कटतो म्हणून पांढुरकं दिसतं. त्यातल्या कुठल्याही ओरखड्यात नख अडकत नसेल तर पट्टा हातानंही बराच निघतो. मशीनची गरज नाही, आणि तुम्ही पहिल्यांदाच करणार असाल तर मशीन भाड्यानं आणून प्रयोग तर करूच नका.

आधी क्ले. मातीसारखी मऊ वडी मिळते, ती रंगात रुतलेले कण उचलून घेते. शाम्पूचं पाणी भरपूर मारत, चपटी करून, स्वतःच्या वजनानं सरकेल इतक्याच दाबानं. सुरुवातीला खरखर लागते, मग आवाजच बंद होतो, तेव्हा ती जागा झाली. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या. अडीचशे रुपये गेले म्हणून हळहळ होते, पण तिला चिकटलेला एक वाळूचा कण बॉनेटभर रेघ ओढतो.

मग पॉलिश. जाड दाण्याचं, खरवडणारं कंपाउंड नव्हे, बारीक दाण्याचं फिनिशिंग पॉलिश. फोमच्या गोल पॅडवर हरभऱ्याएवढं, एका वेळी वीतभर जागा. आडवं, मग उभं, मध्यम दाब, पॉलिश पातळ पारदर्शक होईपर्यंत, साधारण दोन मिनिटं. मायक्रोफायबरनं पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. दिवाळीत रांगोळीवर पणतीचा उजेड तिरपा पडला की कण न् कण दिसतो, तसे उरलेले ओरखडे दिसतील. निम्मे गेले असतील. आणखी एकदा करा. तिसऱ्या फेरीनंतर मी घरच्या घरी करणाऱ्याला थांबायला सांगतो. ओघळाच्या पुसट कडाही याच पॉलिशनं हलक्या होतात, सगळ्या जात नाहीत.

लोक विचारतात, रबिंग कंपाउंडचा डबा आणून का मारू नये, आमचे वडील तेच मारायचे. वडिलांची गाडी पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर असणार. त्या काळच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसे, रंगाचा एकच जाड थर. वरचा भाग उन्हानं मेला की रबिंग मारून खरवडायचा, खालून ताजा रंग निघायचा. फडकं लाल गाडीला लाल, काळ्या गाडीला काळं व्हायचं आणि ते बरोबरच होतं. आजच्या गाडीवर फडकं पांढरट राहायला हवं. त्याला निळा रंग लागला, तर क्लिअर कोट संपून तुम्ही खालच्या रंगात उतरलात.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. स्वतःचं दुकान टाकल्याच्या दुसऱ्या वर्षी एका काळ्या गाडीचं बॉनेट रोटरी मशीनवर घेतलं होतं. मधला भाग आरशासारखा झाला, हुरूप आला आणि मी बॉनेटच्या उभ्या धारेवरून मशीन तशीच ओढली. धारेवर रंग मुळात पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथं एका रेषेत येतो. पॅड उचललं तर त्यावर काळं आणि धारेवर बोटभर लांब राखाडी रेघ, प्रायमर. चार सेकंदांचं काम. बॉनेट स्वतःच्या खर्चानं रंगवून दिलं, गिऱ्हाईक सज्जन होतं म्हणून ओरडलं नाही, पण परत आलंही नाही. त्यानंतर धारेवर, दाराच्या कडेवर, नंबरप्लेटभोवतीच्या कंगोऱ्यांवर मी कागदी टेप लावल्याशिवाय पॅड टेकवत नाही. तुम्ही हातानं करताय तरी धारा टाळा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं, खिशात मावतं. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. तुमच्या टपावर ११५ आणि बॉनेटवर २४० आला, तर बॉनेट आधी कधीतरी रंगवलं गेलं आहे, मग विकणाऱ्यानं काहीही शपथ घेतलेली असो. ७० च्या आसपास आला तर पॉलिशला हातच लावायचा नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. गॅरेजवाल्याला आधी हे यंत्र आहे का विचारा. आहे म्हणाला तर तो बोलतोय ते ऐका, नाही म्हणाला तर रंगवण्याचा सल्ला फुकटात घेऊन घरी या.

डांबर सोपं आहे आणि उगाच अवघड केलं जातं. घाटात किंवा हायवेवर नवं काम चालू असताना चाकांनी उडवलेले ते ठिपके. डांबर तेलातलं, त्यामुळे तेलातच विरघळतं, पाणी-शाम्पूला दाद देत नाही. पूर्वी सगळे रॉकेल वापरत. आता ते सहज मिळत नाही, डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट सैल करायला मारतात तो तेलकट फवारा) किंवा टार रिमूव्हर आणा. ठिपक्यावर मारा, दोन मिनिटं थांबा, तपकिरी ओघळ सुटायला लागतील. मऊ फडक्यानं एकदाच उचलल्यासारखं पुसा, फडक्याची बाजू बदला, पुढचा ठिपका. एकाच बाजूनं पुसत गेलात तर डांबरातली खडी अख्ख्या दारावर फिरवाल. शेवटी शाम्पू, कारण तेलकट थर राहिला तर त्यावर धूळ बसते. पेट्रोल वापरू नका. डाग निघतो, पण ते इतक्या झपाट्यानं उडतं की तुम्हाला घासावंच लागतं, आणि बंद तळघरात पेट्रोलची वाफ हा वेगळाच उद्योग. थिनर तर रंगाऱ्याच्या हातातही मला घाबरवतो. कंपनीचा भाजलेला क्लिअर कोट थोडा वेळ तग धरतो, पण दार पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेलं असेल तर फडक्यावर रंगच येतो.

पार्किंगच्या पिवळ्या-काळ्या खांबाला बंपर घासला की पिवळी पट्टी येते, तीही लोक ओरखडा समजून रंगवायला आणतात. बऱ्याचदा तो खांबाचा ऑइलपेंट तुमच्या रंगावर चढलेला असतो. डब्ल्यूडी-४० आणि थोडं पॉलिश, बोटाला फडकं गुंडाळून. खाली कधी काहीच नसतं, कधी दोन रेघा असतात. दोन हजारांचं बिल वाचतं.

झाडाखालच्या गाडीचं दुखणं निराळं. आंब्याचा चीक हाताला लागला तर कातडी उतते, क्लिअर कोटाला तो काय करत असेल याचा अंदाज बांधा. ताजा असेल तर सॅनिटायझर कापसाला लावून टेकवून ठेवा. कोरोनात घेऊन ठेवलेल्या बाटल्या घराघरात पडून आहेत, त्यातलं अल्कोहोल चीक सोडवतं. वाळून काचेसारखा झालेला चीक दोन-तीन वेळा भिजवावा लागतो. वड-पिंपळाखाली वटवाघळांची विष्ठा पडते, तिच्यात फळांच्या बिया असतात, म्हणून ती सुकी असताना पुसणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणंच.

पक्ष्यांच्या विष्ठेचं एक सांगतो, कारण उन्हाळ्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त हीच गाडी येते. विष्ठेत युरिक ॲसिड असतं हे खरं, पण निम्मं काम ऊन करतं. मे महिन्यात गडद गाडीचं बॉनेट ७० अंशांच्या घरात जातं, क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो. वरची विष्ठा सुकून कडक होते. संध्याकाळी गाडी गार होते, क्लिअर कोट आक्रसतो आणि त्या कडक थराला घट्ट चिकटून त्याचाच आकार घेतो. मग वरून विष्ठा गेली तरी सुरकुतलेला ठसा राहतो. तासाभरात ओल्या टिश्यूनं उचललेल्या विष्ठेचा डाग मी कधी बघितलेला नाही. दोन दिवसांच्या विष्ठेचा ठसा पॉलिशनं पूर्ण गेलेलाही फारसा बघितलेला नाही. अगदी ताजा ठसा असेल तर हेअर ड्रायरच्या मंद गरम हवेनं क्लिअर कोट थोडा सैल पडतो आणि ठसा कधी कधी पुसट होतो. होईलच असं नाही.

पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसले की मालक धास्तावतो, पत्रा गंजला म्हणून. पत्रा ठीक असतो. रेल्वेलाइनजवळ, फॅब्रिकेशनच्या शेडजवळ, किंवा आपल्याच ब्रेकमधून लोखंडाची भुकटी उडते, क्लिअर कोटात टोचून बसते आणि पावसात गंजते. मध्य रेल्वेच्या रुळांलगत पार्क होणाऱ्या गाड्यांना हे ठरलेलं. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव) फवारला की प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गाडीचा रंगच वाहून चाललाय. पाच मिनिटांच्या आत धुवून टाकायचं, सुकू द्यायचं नाही. चुन्यावर याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून तुम्ही आणू नका.

दसऱ्यानंतरचा आठवडा माझ्याकडे स्वस्तिकांचा. पांढऱ्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, झेंडूची माळ सेलोटेपनं चिकटवलेली, दोन दिवस उन्हात. हळदीचा डाग असेल तर मुळीच घासू नका आणि कपड्यांचा साबण तर लावूच नका. साबण अल्कली असतो, त्यात हळद क्षणात लाल होते. कुंकू हळदीला चुना लावून त्याच गुणावर बनवत आले आहेत. एका बाईंनी पिवळा डाग साबणानं पुसला, तो रक्तासारखा लाल झाला आणि त्या रडकुंडीला येऊन फोन करत होत्या. मी म्हटलं, गाडी आठवडाभर उन्हात लावा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, चार दिवसांत निम्मा गेला. बाजारी कुंकवात मात्र बरेचदा कृत्रिम रंग असतो, तो जुन्या, सच्छिद्र झालेल्या क्लिअर कोटात मुरतो आणि गुलाबी सावली ठेवून जातो. त्याला आधी सॅनिटायझर, मग पॉलिश. सेलोटेपचा चिकटा डब्ल्यूडी-४० नं निघतो. आता मी पूजेला येणाऱ्या गाड्यांना सांगतो, स्वस्तिक काचेवर काढा. देव रागावत नाही आणि काच व्हिनेगरनं पुसता येते.

टूथपेस्टचं विचारलं नव्हतंत, पण पुढचा सल्ला कुणीतरी तोच देणार. टूथपेस्टमध्ये खडूची किंवा सिलिकाची भुकटी असते, दाताच्या इनॅमलसाठी दळलेली. क्लिअर कोट त्याहून कितीतरी मऊ. पांढऱ्या गाडीवर दिसत नाही एवढंच तिचं पुण्य. तुमच्या गडद निळ्यावर नवीन धुरकट पट्टा तयार होईल. पांढरा 'मॅजिक' स्पंजही तसाच, हाताला मऊ आणि रंगाला पॉलिशपेपर.

तर तुमच्या गाडीचा क्रम असा धरा. पहिल्या रविवारी डांबर आणि नंतर व्हिनेगरचे टिश्यू, फक्त बॉनेट. टप दुसऱ्या रविवारी. तोवर हातही बसलेला असेल. क्ले आणि पॉलिश त्यानंतर, आधी बॉनेटच्या काचेकडच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. मी इथून गाडी बघितलेली नाही, पण अशा गाड्यांचा अनुभव सांगतो: दहा ओघळांतले सहा-सात पूर्ण जातात, दोन-तीन फक्त तिरप्या उन्हात दिसण्याइतके उरतात. तेवढे राहू द्या. ते काढायला लागणारे पाच-सहा मायक्रॉन पुढच्या चार वर्षांसाठी गाठीशी असलेले बरे. एखाद्या ठिकाणी नख अडकतच असेल तर तेवढ्याच जागेसाठी जाडी मोजणाऱ्या डिटेलरकडे जा आणि काम सुरू करण्याआधी आकडा डोळ्यांनी बघा.

आणि स्लॅब. वॉटरप्रूफिंगचा ठराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये पास होऊन काम सुरू व्हायला किती पावसाळे जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे. गाडीवर कव्हर घालू नका, कव्हरखालची धूळ प्रत्येक वेळी ओढली जाते आणि चुन्याचं पाणी कापडातून झिरपून तिथंच दमट राहतं. आमच्या इमारतीत आम्ही तीन जणांनी वर्गणी काढून गळणाऱ्या भेगेखाली पत्र्याची आडवी पन्हळ लटकवली, तिचं तोंड भिंतीकडच्या नाल्यात. फॅब्रिकेटरनं अर्ध्या दिवसात बसवली. फक्त पन्हळीतही चुना साचतो, म्हणून दर पावसाळ्याआधी तिच्यात एक बाटली व्हिनेगर ओतावं लागतं.